पहिलं तूप कुणाच्या पानावर?

विश्रामराव जेवायला कुणाच्या शेजारी बसणार? एवढ्याशा प्रश्नावरून सोनगिरीत युद्ध पेटायची वेळ आली होती!

सोनगिरी नुकतीच स्वतंत्र झालेली आणि विश्रामराव लोकांनी निवडलेले तिचे पहिले प्रमुख. उत्तरेला एक बलाढ्य राज्य, दक्षिणेला दुसरं. दोघांचे वकील भोजनाला आले होते आणि दोघांचं म्हणणं एकच: "प्रमुखांनी आमच्या शेजारी बसावं, म्हणजे ते आमचे. नाहीतर आमची फौज मोहरीच्या खिंडीत उतरेल."

मुदपाकखान्यात भात उपसणाऱ्या गोजराच्या कानावर हे पडलं आणि तिचा हात थांबला. मोहरी तिचं गाव. फौज कुणाचीही उतरो, शेतं मोहरीचीच तुडवली जाणार होती.

बाहेर विश्रामराव कारभाऱ्यांवर डाफरत होते. "मी एकाच्याही शेजारी बसणार नाही, एकालाही रुसू देणार नाही आणि आजारपणाचं सोंगही घेणार नाही. सुचवा काहीतरी!"

गोजरा पदराला हात पुसत पुढे आली.

"सरकार, घरी कार्य असलं की तुमचे वडील कुठं बसायचे?"

"बसायचे कसले? यजमान ते. पंगत उठेपर्यंत वाढत फिरायचे."

"मग आज यजमान कोण?"

विश्रामरावांनी पगडी उतरवली आणि तुपाचं भांडं हातात घेतलं. "बरं, पाहुणे कुठं बसवू?"

"एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधे आपली माणसं. कोळी, धनगर, ब्राह्मण, कुंभार, महार, सगळी एकाच ओळीत."

कारभारी खाकरले. "असं कधी झालेलं नाही."

"स्वतंत्र तरी कधी झालो होतो, काका?" गोजरा म्हणाली.

दोनशे पानं मांडली गेली. लगेच दोन्ही टोकांकडून आवाज आला, "पहिलं तूप आमच्या पानावर!"

विश्रामरावांनी गोजराकडे पाहिलं.

"म्हणाल तिथून सुरू करू," ती म्हणाली. "पण शेवटचं पान वाढून होईपर्यंत आमच्याकडे कुणी घास उचलत नाही. पहिल्या पानाला मान मिळतो आणि गार भात. शेवटच्या पानावर वाफाळता येतो. कुणाला काय हवं?"

दोघेही पहाटेपासून घोड्यावर होते. आंबेमोहराचा वास नाकात शिरला.

"दक्षिणेचे पाहुणे वयानं मोठे," उत्तरेचा वकील घाईने म्हणाला. "आधी त्यांना."

"छे, उत्तरेचे लांबून आलेत. आधी त्यांनाच!"

"मग मधूनच सुरू करू, आपल्या माणसांपासून," गोजराने भाताचं पातेलं उचललं आणि दुसरं एका वाढप्याला दिलं. "दोन्ही टोकांना सारखंच गरम पोचेल."

विश्रामराव इतके हसले की पहिल्याच कुंभाराच्या पानावर तुपाचं तळं झालं. "उद्यापासून तू मंत्रिमंडळात!"

"येईन. पण मोहरीच्या खिंडीत छावणी कुणाचीच नको."

शेवटचं पान वाढून झालं, घास उचलले गेले, तेव्हा विश्रामरावांनी दोन्ही टोकांकडे बघत विचारलं, "मान्य?"

दोन्ही वकिलांची तोंडं भरलेली होती. त्यांनी नुसत्या माना हलवल्या.