करटोलीच्या वेलाजवळची गाठ

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एकदा एक वृद्ध शिक्षिका राहत असत. सारा गाव त्यांना बाई म्हणे. रानभाज्यांचे त्यांचे ज्ञान मोठे होते. शेवळं घशाला खाजू नयेत म्हणून त्यांत काकडं ही आंबट फळं घालायची, फोडशीचा कुठला भाग काढून टाकायचा, कोणता पाला भाजीसारखा दिसला तरी तोडायचा नाही, हे सारे त्यांच्या जिभेवर असे. वय झाले, तेव्हा त्यांच्या एका शिष्याने ते ज्ञान जपायचे ठरवले. वर्षभर तो त्यांच्याजवळ बसून ऐकत राहिला, रानात हिंडून छायाचित्रे काढत राहिला आणि त्यातून त्याने एक संकेतस्थळ उभे केले.

संकेतस्थळ झाले, पण तिकडे कोणी फिरकेना. शिष्याच्या जिवाला घोर लागला. बाई दिवसेंदिवस थकत होत्या. त्यांचे हे धन त्यांच्या डोळ्यांदेखत कुणाच्या उपयोगी पडले नाही तर पुढे कोण विचारणार, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना.

अशात कुणी तरी त्याला सोशल बुकमार्किंगबद्दल सांगितले. इंटरनेटवर काही सामायिक जागा असतात. एखादे पान उपयोगी वाटले की तिथे त्याची खूण ठेवायची आणि ते कशाविषयी आहे ते थोडक्यात लिहून ती योग्य सदरात लावायची; तसे सदर नसेल तर नवे काढायचे. आपली खूण इतरांना दिसते, इतरांची आपल्याला. खुणा पाहत पाहत अनोळखी माणसे त्या पानापाशी येतात आणि कोपऱ्यातल्या संकेतस्थळालाही ओळख मिळते.

बुडत्याला दोर सापडावा तसे शिष्याला झाले. त्याने निरनिराळी नावे घेतली आणि जिथे जागा दिसेल तिथे आपल्याच संकेतस्थळाची खूण ठेवली. वजन कमी करायचे उपाय, सणाची पक्वान्ने, अगदी नोकरीच्या जाहिराती, कुठलेही सदर त्याने सोडले नाही. माणसे आली, पण आली तशी परत गेली. मग एके सकाळी अशाच एका जागेच्या चालकांकडून ताकीद आली. या खोट्या खुणा काढल्या नाहीत, तर तुमच्या संकेतस्थळाला इथे कायमची बंदी.

वाचवायला गेलो आणि आपल्याच हाताने दार लावून बसलो, असे शिष्याला वाटले. तो धावत बाईंकडे गेला. बाईंनी सगळे ऐकून घेतले.

"त्या खुणा सगळ्या तूच केल्यास?"

"हो बाई. दुसरं कोण करणार? कुणाला माहीतच नाही."

आज इथेच राहा, उद्या सकाळी रानातून करटोली घेऊन ये, एवढेच बाई म्हणाल्या. शिष्य मनातून चिडला. इकडे घर पेटले आहे आणि यांना भाजी सुचते. पण बाईंचा शब्द मोडायची सवय त्याला नव्हती.

त्या गावच्या बायकांची एक रीत होती. रानात चांगला वेल सापडला की त्या भाजी घरी नेत, शिजवत, खात. आणि पुढच्या खेपेला त्या वेलाजवळच्या गवताला एक गाठ मारत. मागून येणारी बाई ती गाठ पाहून आत वळे. खाल्ल्याशिवाय गाठ मारायची नाही, हा नेम कुणी मोडत नसे.

दुसऱ्या दिवशी शिष्य रानात शिरला आणि चक्रावलाच. जिकडे पाहावे तिकडे गाठी. घाणेरीच्या जाळीपाशी गाठ, सागाच्या बुंध्याशी गाठ, नुसत्या खडकापाशीही गाठ. प्रत्येक गाठीशी तो वाकला, काट्यांत हात घातला आणि रिकामाच बाहेर आला. वाटेत भेटलेली एक बाई टोपली आपटत म्हणाली, "कोणत्या मेल्यानं गवताला वेण्या घातल्यात? दुपार झाली, एक करटोलं नाही मिळालं."

ओरबाडलेले हात घेऊन तो परतला. कुणी तरी खोडसाळपणा केल्याचे आणि टोपलीवाल्या बाईचे बोलणेही त्याने बाईंना सांगितले.

"मीच मारल्या त्या, काल संध्याकाळी, तुझा डोळा लागला होता तेव्हा," बाई म्हणाल्या. "कंबर मोडली माझी."

"पण का, बाई?" त्याने ओरबाडलेले हात पुढे करून विचारले.

"खऱ्या गाठी आहेत तिथंच आहेत रे. पण आज तुला त्या ओळखता आल्या का? त्या बाईलाही नाही आल्या. उद्या ती कुठल्याच गाठीपाशी वाकणार नाही. गाठ म्हणजे कुणीतरी खाऊन पाहिल्याची साक्ष. स्वतःच्या वेलाला एक गाठ तू मार, खुशाल मार, आणि इथे काय आहे ते खरं सांग. बाकीच्या गाठी खाणाऱ्यांना मारू दे. आणि दुसऱ्याच्या वेलाची भाजी तुला गोड लागली, तर तिथंही वाक आणि गाठ मार. चल, आता अंधार पडायच्या आत सोडवू या सगळ्या."

दोघांनी मिळून गाठी सोडवल्या. ती टोपलीवालीही तोंडाने बडबडत मदतीला आली.

घरी जाऊन शिष्याने चालकांची क्षमा मागितली आणि खोट्या खुणा एकेक करून पुसल्या. स्वतःच्या नावाने एकच ठेवली. मग तो इतरांची पाने वाचू लागला. बियाण्यांविषयी, परसबागेविषयी जे त्याला खरेच उपयोगी पडले, त्याची खूण करू लागला. मनातली धाकधूक मात्र जात नव्हती. बाईंचा खोकला वाढला होता आणि त्यांच्या संकेतस्थळापाशी अजून कुणी गाठ मारायला वाकले नव्हते.

आश्विनात एक खूण दिसली. दूरच्या शहरातल्या कुणा अनोळखी स्त्रीने ती केली होती. तिने ती भाज्यांच्या सदरात ठेवली नव्हती, स्वतःचेच एक सदर काढले होते: 'आईला विचारायचं राहून गेलेलं'. खाली लिहिले होते, 'भारंगीची भाजी करून पाहिली. आई करायची तशीच झाली.' त्याच सदरात आणखी दोघींनी आपापल्या खुणा ठेवल्या होत्या.

शिष्याने ते बाईंना वाचून दाखवले. बाईंनी पुन्हा एकदा वाचायला सांगितले.

"हे नाव तुला सुचलं असतं का रे?"

त्याने नकारार्थी मान हलवली आणि ती खूण त्यांना तिसऱ्यांदा वाचून दाखवली. त्या दिवशी संकेतस्थळावर किती माणसे आली, हे पाहायचे त्याच्या ध्यानातही आले नाही.