स्वस्तातला गुलाबी शंख

त्या किनाऱ्यावर कोणालाही स्वतःची पाठ नव्हती. तिथले खेकडे पुढून टणक आणि मागून मऊ जन्मत. मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख शोधायचा, मऊ पाठ त्यात सरकवायची आणि वाढत जाऊ तसं एका शंखातून दुसऱ्यात जायचं, असा त्यांचा जन्म जाई. पूर्वी शंख भक्कम असला की कोणी आणखी काही विचारत नसे. मग कधीतरी निळ्या कुंडातल्यांनी शंखाचा रंग पाहायला सुरुवात केली, आणि हळूहळू सगळा किनाराच रंग पाहू लागला.

निळं कुंड उंच खडकावर होतं. ओहोटीला खालची वाळू तापली तरी कुंडात पाणी असे. बाकीचे सगळे खाली राहत, भरतीने टाकून दिलेल्या सुक्या शेवाळाच्या पट्ट्यात. दर उन्हाळ्यात त्या पट्ट्यातली काही घरं गप्प होत आणि मग कोणी त्यांची नावं घेत नसे. महिन्यातून एकदा, पुनवेच्या सकाळी, कुंडाच्या तोंडाशी असलेल्या कपारीत द्वारपाल उभा राही आणि खालच्यांपैकी दोघाचौघांना आत घेई. तो कोणाला नाव विचारत नसे की काम विचारत नसे. समोर आलेल्याचा शंख बघे आणि नांगी वर किंवा खाली करी.

शेवाळाच्या पट्ट्यात आनशी नावाची एक खेकडी आपल्या मुलीबरोबर राहत होती. मुलीचं नाव सुरंगी. सुरंगीचा बाप गेल्या उन्हाळ्यात सावली शोधायला निघाला आणि कुरव पक्ष्याने त्याला उचललं. त्या दिवसापासून आनशीच्या मनात एकच गोष्ट होती, की पुढचा उन्हाळा येण्याआधी पोरगी कुंडात गेली पाहिजे. सुरंगीच्या अंगावर करड्या रंगाचा, तोंडाशी टवका उडालेला शंख होता आणि तोही आता तिला पुरत नव्हता. तो घालून कपारीपुढे उभं राहण्यात अर्थ नव्हता.

स्वस्तातलं शोधण्यात आनशीचा हात धरणारं पट्ट्यात कोणी नव्हतं. शेजारणी तिला विचारून बाजाराला जात. उधाण येऊन गेलं की समुद्राने टाकलेले शंख निवटे गोळा करत. निवटे म्हणजे चिखलात उड्या मारणारे, वर आलेल्या डोळ्यांचे मासे. खाडीच्या तोंडाशी ते आपापले ढीग मांडून बसत. सकाळी चांगला माल कुंडातल्यांची माणसं घेऊन जात. आनशी सकाळी जातच नसे. ऊन चढेपर्यंत ती लांब एका दगडाच्या आडोशाला थांबे. निवट्यांचं अंग सुकू लागलं, त्यांना ओल्या चिखलात परतायची घाई झाली, की ती पुढे होई. त्या वेळी निवटा फार घासाघीस करत नसे. पण तो सुकेपर्यंत थांबायचं म्हणजे तिचंही अंग सुके. स्वस्त मिळे ते असं.

त्या मोसमात ती सहा वेळा बाजाराला गेली. पहिल्यांदा तिला पिवळ्या पट्ट्यांचा एक शंख आवडला. उलटा करून पाहिला तर पाठीला भोक होतं.

"भोकावर शेवाळ लावलं की दिसत नाही," निवटा म्हणाला.

"दिसत नाही, पण कुरवाची चोच जाते ना," असं म्हणून तिने तो खाली ठेवला.

दुसऱ्यांदा हिरवी झाक असलेला एक शंख मिळाला. तो तिने परत करायच्या बोलीवर घरी आणून पाण्यात बुडवला तेव्हा झाक पाण्यावर तरंगत निघून गेली. नंतर शेजारच्या गजरीकाकीने सांगितलं की मेलेल्या कालवांच्या शिंपल्यांची आतली चकाकी खरवडून तिची पूड शंखाला चोळली तर मोत्यासारखा दिसतो. गजरीकाकीच्या बहिणीची मुलगी तशीच कुंडात गेली होती म्हणे. आनशीने चार दिवस शिंपले खरवडले. तिच्या नांगीचं टोक झिजलं. सुरंगीचा करडा शंख खरोखर चमकू लागला आणि मायलेकी दोघी त्याच्याकडे बघत बसल्या. पहिल्या लाटेने ती चकाकी धुऊन नेली.

"आई, राहू दे," सुरंगी म्हणाली. "मी इथंच राहीन. मला काही होत नाही."

"तुझा बाप पण असंच म्हणायचा," आनशी म्हणाली आणि पुन्हा निघाली.

चालून चालून तिचे पाय दुखत. आपण काय शोधतोय हेही तिला कधीकधी चालता चालता आठवत नसे. फक्त ढिगात नांगी घालायची, उलटायचं, ठेवायचं, पुढच्या ढिगाकडे जायचं, एवढं अंग आपोआप करत राही. वाटेत तिच्यासारख्याच आणखी आया भेटत. पूर्वी त्या थांबून बोलत. आता नजर न मिळवता बाजूने निघून जात, कारण प्रत्येकीला वाटे की दुसरी आपल्या आधी त्या ढिगापाशी पोचेल.

सहाव्या खेपेला, बाजार उठता उठता, दाजी निवट्याच्या ढिगात तळाशी तिला गुलाबी शंख दिसला. दाजी हा बाजारातला सगळ्यात जुना दुकानदार. तिने शंख उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला. भोक नव्हतं. रंग आतून होता, चोळलेला नव्हता. तोंडाची कड पहाटेच्या आभाळासारखी फिकट होत गेली होती. असा शंख सकाळीच वर जायला हवा होता.

"हा कसा राहिला, दाजी?"

"लहान आहे, वहिनी. वरच्या पोरींना बसत नाही."

"माझ्या पोरीला बसेल?"

दाजीने आपले सुकत चाललेले डोळे एकदा आत ओढून ओले केले. "बसेल की. सवयीने सगळं बसतं."

"आणि बदल्यात काय घेणार?"

त्या बाजारात शंखाच्या बदल्यात शंख द्यावा लागे. दाजीने सुरंगीचा टवका उडालेला शंख नको म्हणून सांगितलं. तो आनशीच्या पाठीकडे बघत होता. तिच्या अंगावर तपकिरी, बिनरंगाचा शंख होता. तिच्या आईने तिला दिलेला, जाड भिंतींचा, मोठा. अशा शंखाला बाजारात शोभा नव्हती. पण दाजी म्हणाला, "हल्ली असा भक्कम माल येत नाही. पावसाळ्यात म्हातारी माणसं विचारत येतात."

आनशीने गुलाबी शंख नांगीत आणखी घट्ट धरला. मग तिने विचारलं, "तुमच्याकडे मला घालायला काही फुकटातलं आहे का?"

ढिगामागे वाहून आलेली बांबूची एक पोकळ कांडी पडली होती. दाजीने ती पायाने तिच्याकडे ढकलली. आनशीने आजूबाजूला पाहिलं, आपल्या शंखातून बाहेर आली आणि कांडीत शिरली. मधले तीन श्वास तिची पाठ उघड्यावर होती. कांडी तिला सैल होती आणि इतकी हलकी की वारा आला तरी सरके. पण गुलाबी शंख नांगीत धरून घरी परतताना तिने एकदाही मागे पाहिलं नाही. तिला त्यापेक्षा चांगला सौदा आयुष्यात जमला नव्हता.

सुरंगीला शंख आवडला, आणि आईच्या अंगावरची कांडी पाहून तिला रडू आलं. दोन्ही एकाच वेळी. शंखात शिरायला तिला अर्धी ओहोटी लागली.

"आई, श्वास घेतला की टोचतंय."

"मग थोडा कमी घे," आनशी म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नाही. ती फार दमली होती.

पुनवेच्या सकाळी कपारीपुढे रांग लागली. सुरंगीची पाळी आली तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता आणि गुलाबी शंखात उजेड शिरला होता. द्वारपालाने एकदा पाहिलं आणि नांगी वर केली. सुरंगी आत गेली. आनशी खाली वाळूत उभी होती. आपल्याला आनंद कसा झाला नाही, याचं तिला आश्चर्य वाटलं; तिला फक्त कुठेतरी टेकावंसं वाटलं.

उन्हाळा आला. आनशी कांडी सांभाळत दिवस काढू लागली. भरतीच्या वेळी पाणी खडकाला लागलं की ती खडकाच्या पायथ्याशी जाई आणि वर कडेला सुरंगी येई. दोघींना एकमेकींचे आवाज ऐकू येत.

"कसं आहे गं वर?"

"पाणी आहे. खायला आहे. सगळ्याजणी छान दिसतात."

"काय बोलतात?"

"शंखांचंच. कोणी कुठून आणला, कितीला पडला, कोणाला फसवून स्वस्तात मिळवला. आई, तू असतीस तर तुझ्याभोवती गर्दी झाली असती."

आनशीला बरं वाटे. पण दिवस गेले तसं सुरंगीचं बोलणं आखूड होत गेलं. एकदा आनशीने विचारलं, "तू जरा पुढे येऊन दिसशील का? बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही."

वरून शंख दगडाला घासल्याचा आवाज आला. मग सुरंगी हळूच म्हणाली, "पाठ भिंतीला लावून बसावं लागतं, आई. मी वाढले. शंख मागून उकलला आहे."

"कोणाला कळलं का?"

"नाही. समोरून अजून चांगला दिसतो."

त्या रात्री आनशीला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठं उधाण आलं. पाणी शेवाळाच्या पट्ट्यावर चढलं. जड शंखांतले शेजारी वाळूत रुतून बसले. आनशीने कुठेतरी धरायचा प्रयत्न केला, पण बांबूची कांडी पाण्यावर उचलली गेली आणि तिच्यासकट खडकाकडे निघाली. एकदा आपटली, दुसऱ्यांदा आपटली. तिसऱ्या लाटेने तिला खडकाच्या कडेवरून आत टाकलं. लाट परत गेली आणि कांडीत पाणी भरून आनशी संथपणे तळाशी जाऊन टेकली.

ती निळ्या कुंडाच्या मधोमध पडली होती.

तिने डोळे वर केले. कुंड तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी मोठं होतं. मधलं पाणी खोल, गार आणि गडद निळं, आणि त्यात एकही खेकडा नव्हता. सगळे कडेला होते. कुंडाच्या भिंतीला लागून, एकाला एक खेटून, पूर्ण गोल भरला होता. लाल, पिवळे, हिरवे, मोरपंखी शंख. सगळ्यांची तोंडं आत, सगळ्यांच्या पाठी दगडाला घट्ट लावलेल्या.

"ही कोण? आत कशी आली?" कपारीतून द्वारपाल ओरडला. "बांबू घालून आली आहे. काढा तिला बाहेर."

गोलातून कुजबुज फिरली. हिरव्या शंखाची एक बाई म्हणाली, "खरंच, कोणीतरी काढायला हवं." तिच्या शेजारची म्हणाली, "तुम्ही जा ना." हिरवी म्हणाली, "मी गेले असते, पण माझे पाय दुखतात." मग सगळे द्वारपालाकडे पाहू लागले. द्वारपालाने नांगी उगारली, पण तोही कपारीतून पुढे आला नाही.

आनशीने भिंतीवरून नजर फिरवली तेव्हा तिला सुरंगी दिसली. पोरगी फिकट झाली होती. बारीक आवाजात ती म्हणाली, "आई, इकडे ये. भिंतीकडून ये. मी सरकून जागा करते."

आनशीने उठायचा प्रयत्न केला. पण तळाची वाळू मऊ होती, पाणी गार होतं, आणि तिच्या पायांनी नकार दिला. "मला नाही गं चालवत आता," ती म्हणाली. "तूच ये. इथं खूप जागा आहे."

सुरंगीने डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं, आणि पाठ भिंतीला आणखी घट्ट लावली.

बाहेर उधाण ओसरायला लागलं होतं. ऊन चढलं तसं कुंडातलं पाणीही उतरू लागलं, आधी कडेचं. उथळ बाजूला बसलेल्यांचे शंख उघडे पडले, मग हिरव्या बाईचा, मग द्वारपालाचा. भिंतीचा दगड तापू लागला. पाणी एकेक बोट आत सरकत राहिलं आणि त्याच्यामागे कोरडी होत गेलेली ती रंगीत माळ, पाठ न हलवता, समोरच्या निळ्या पाण्यात झोपी गेलेल्या बांबूच्या कांडीकडे बघत बसली.