तिसरा डबा

"मग कोणता घ्यायचा, उस्ताद? आता तुम्हीच सांगा!"

अभिनंदन कुंभोजेनं हातातला डबा सतरंजीवर आदळला. कपबशी खणाणली. मिरजेच्या दस्तगीर उस्तादांनी, ज्यांनी त्याला लहानपणी पेटी शिकवली होती, ती कपबशी तेवढी बाजूला सरकवली.

डबा म्हणजे हार्मोनायझर. माइकवर गायचं एकानं, आणि डब्यानं, त्याला सांगितलेल्या पट्टीत, त्याच गळ्याचे आणखी दोन आवाज करून सोबतीला सोडायचे. अभिनंदन ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत गायचा. त्याचा हा तिसरा डबा.

"पहिला बेसूर, दुसरा बेसूर, हा तर त्यांचा बाप निघाला! काल हळदीला नवरदेवसुद्धा हसला. आज जत्रेत पुन्हा हसले, तर मालक माझ्या जागी दुसरा बसवणार."

"जुळवून पाहिलास?"

"सगळं पाहिलं! वरचा आवाज दाबला, खालचा उचलला, घुमारा काढून टाकला. दुकानदारच चोर आहेत सगळे."

गिऱ्हाईक तापलं की माल शंभरदा उलटून बघतं. स्वतःचा हात काही उलटून बघत नाही.

"याला पट्टी कुठली सांगितलीयस?"

"पांढरी एक. माझी बोटं तिथंच असतात."

उस्तादांनी डबा उचलून कोपऱ्यात ठेवला आणि आपली पेटी पुढं ओढली.

"गा. आज साथ मी करतो."

अभिनंदननं कीबोर्ड मांडला, सवयीनं एक बटण दाबलं आणि सूर लावला. उस्तादांनी साथ धरली... पांढरी एकमधून. पहिल्याच ओळीला दोघांची अशी काही टक्कर झाली, की खिडकीतलं मांजर उठून गेलं.

"उस्ताद! काळी दोन! ऐकू येत नाही का?"

उस्ताद वाजवतच राहिले. उलट भाता जोरात मारला.

"अहो थांबा! बटण दाबलंय मी! बोटं पांढरी एकवर ठेवली, तरी आवाज काळी दोनचा निघतो. सगळे असंच वाजवतात आता."

उस्तादांनी भाता सोडला.

"मला सांगितलंस?"

अभिनंदनचं बोट बटणावरून मागं आलं.

"आणि त्याला?" त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं.

अभिनंदनचे कान लाल झाले. राग तर गळ्यापर्यंत आलेला, पण आता तो काढायचा कुणावर?

"आधी तुझ्या मागं गायला कुसुम आणि तिचा भाऊ होते. त्यांना का घालवलंस?"

"डोकं खायची दोघं!" राग काढायला जागा सापडली. "दर गाण्याआधी तेच. दादा, पट्टी कोणती? दादा, पट्टी कोणती? भर स्टेजवर बटणावरचा हात धरायची! म्हटलं, चला घरी. डबा परवडला. निदान तोंड तरी उघडत नाही."

उस्तादांनी गार झालेला चहा उचलला. एक घोट... दुसरा...

अभिनंदननं तणतणत वायरी गुंडाळल्या, डबा काखोटीला मारला आणि चपला पायात सरकवल्या. उंबऱ्यात मात्र पाय अडला.

"तुम्ही चिडा हवं तर, उस्ताद. पण जत्रा आजच आहे. कोणता घेऊ, तेवढं सांगा."

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जो विचारील तो."