वळणावरची माती

एका मोठ्या नगराच्या सगळ्यात खालच्या अंगाला, नदीला अगदी खेटून, एक आळी होती. गोष्ट फार जुनी आहे असं सांगणारे सांगतात. मला ती तितकी जुनी वाटत नाही, पण असो.

नगर टेकडीवर वसलेलं होतं. वर राजवाडा, देऊळ, पेठ आणि बड्या लोकांची घरं. खालच्या आळीत कुंभार, कोष्टी, तांबट, परीट असे लोक राहत, कारण त्यांना कामाला पाणी लागे आणि वर जागाही कुणी देत नसे. आळीतून नगरात जायला एकच वाट होती. ती सगळ्यांच्या दारांपुढून निघायची, एका वळणावर वळायची, आणि मग चढ लागायचा.

दर पावसाळ्यात नदी आळीत यायची. लोक वर धर्मशाळेत जाऊन बसायचे, पाणी ओसरलं की परत यायचे, गाळ उपसायचे, भिंती सारवायचे, भिजलेलं धान्य फेकून द्यायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कारभारी दरसाल येऊन सांगत, "यंदा बंधारा घालून देतो," आणि आळीतली माणसं दरसाल माना डोलावत. मान डोलवायला काही लागत नाही. घरातला चिखलाचा वास मात्र दिवाळीपर्यंत जात नसे.

यावर आळीनं स्वतःपुरता एक उपाय काढला होता. पूर ओसरला, की ज्यानं त्यानं आपलं जोतं थोडं उंच करायचं. घरात मुरूम टाकून जमीन वर घ्यायची, बाहेर ओट्यावर दगडांचा आणखी एक थर चढवायचा आणि एक पायरी वाढवायची. शेजाऱ्यानं एक थर चढवला की आपण दीड चढवायचा, नाहीतर त्याच्या ओट्यावरचं पाणी आपल्या घरात. उंच जोत्याच्या घरात मुलगी द्यायला लोक राजी असत. होता होता घरांच्या जमिनी इतक्या वर आल्या, की छपरं डोक्याला लागू लागली. कोष्ट्याचं जोतं सगळ्यात उंच होतं, आणि तो स्वतःच्या घरात कंबरेत वाकून चालायचा. पण ऐट अशी, की विचारू नका.

एवढा मुरूम आणायचा कुठून? वळणावरून. पुरानंतर तिथली जमीन भुसभुशीत व्हायची आणि ती जागा कुणाच्या मालकीची नव्हती. सगळे घमेली घेऊन तिथंच जायचे. घरं वर गेली तसं वळण खाली गेलं. शेवटी तिथं एवढा मोठा खड्डा झाला, की नदी घरांत शिरायच्या कितीतरी आधी पाणी त्या खड्ड्यात भरायचं. हे सगळ्यांना दिसत होतं. पण रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे कोण बघतं?

त्यात आळीचा एक रिवाज होता. आपल्या ओट्याची शेवटची पायरी बुडाली की घर सोडायचं. त्याआधी सोडेल तो भित्रा. पायऱ्या वाढत गेल्या तसा निघायचा वेळ लांबत गेला, आणि लोक निघेपर्यंत वळणावर गळ्याएवढं पाणी झालेलं असायचं.

या आळीत एक कुंभारीण होती. नवरा वारलेला. घरात ती आणि तिची सासू, दोघीच. सासूचे पाय गेलेले, त्यामुळे तिला उचलूनच न्यावं लागे. एका पुरात कुंभारणीनं सासूला पाठुंगळी घेतलं आणि ती वळणावर उतरली. मध्यावर तिचा पाय घसरला. दोघी पाण्याखाली गेल्या. तांबटानं केस धरून दोघींना वर ओढलं म्हणून वाचल्या. त्यानंतर सासूचा खोकला काही गेला नाही.

उन्हाळा लागला तेव्हा एक दिवस सासू तिला म्हणाली, "सूनबाई, एक सांगते, ऐकशील?"

"सांगा की आत्याबाई."

"यंदा पाणी आलं की तू जा. मला न्हेऊ नगंस. त्या खड्ड्यातनं मी पुन्यांदा जायची न्हाई. नाकातोंडात पाणी जाऊन मराय मला भ्या वाटतंय. त्यापरीस हितंच घरात मरते."

"असं कुठं असतंय व्हय?"

"असतंय. मी दमलेय. तूबी दमलीयास, दिसतंय मला."

कुंभारीण तिचे पाय चेपू लागली. ती खरंच दमली होती. पण सासूला घरात सोडून जाणं तिच्याच्यानं होणार नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा चाकावर हात कसा ठेवायचा हे तिला याच म्हातारीनं शिकवलं होतं.

परसात फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांचा मोठा ढीग पडलेला होता. पुरात फुटलेला सगळा माल. त्या खापऱ्या घरात टाकून जमीन उंच करायची, असं तिच्या मनात होतं. जमीन भरपूर उंच झाली तर सासूला न्यावंच लागणार नाही. पण किती उंच करायची? दरसाल उंच करायची? तिला नुसत्या विचारानंच थकवा आला. मग तिला वाटलं, खड्डाच भरला तर? सासूला भीती आहे ती खड्ड्याची.

पाट्या भरभरून तिनं खापऱ्या वळणावर नेल्या आणि खड्ड्यात ओतल्या. येणारे-जाणारे बघायचे. परटीण म्हणाली, "घर सोडून वाट कुणी भरतंय का बाई?" कुंभारीण म्हणाली, "मी भरतेय." एवढं बोलून ती पुढच्या पाटीसाठी वळली.

ढीग संपला तेव्हा वळण थोडंसं वर आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बघते तर काय, खापऱ्या निम्म्याच उरलेल्या! बाकीच्या कोष्ट्याच्या ओट्याशेजारी नीट रचून ठेवलेल्या होत्या. कोष्टी त्यावर माती थापत होता.

ती म्हणाली, "तात्या, त्या खापऱ्या माज्या हायत."

"वाटंवर पडल्या हुत्या, वैनी. वाटंवरचं कुणाचं असतंय?"

"मी टाकल्या हुत्या तितं. खड्डा भराय."

"मग टाकल्यास म्हंजी सोडल्यासच की!" कोष्टी हसला. "आन खड्डा भरून काय व्हनार? जोतं उंच कर. घर शाबूत तर मानूस शाबूत. शिकवाय पायजे का?"

तिला भांडता आलं असतं. आळीत भांडणाला कुणी कमी नव्हतं. पण भांडायला जो जोर लागतो तो तिच्यात उरला नव्हता. ती घरी आली, ओट्यावर बसली आणि रडली. मग डोळे पुसताना तिची नजर आपण बसलो होतो त्या ओट्याकडे गेली.

ओट्याचे दगड मोठे, काळे, घडवलेले होते. तिच्या सासऱ्यानं ते एकेक करून बसवले होते. असले दगड आळीत दुसऱ्या कुणाकडे नव्हते. वळणावर टाकले तर कुणी नेऊन आपल्या ओट्यात घालायचे म्हटले, तरी ते कुणाचे हे पोरंसुद्धा सांगतील. असा दगड चोरायची कुणालाही लाज वाटेल.

तिनं पहार घेतली आणि ओटा उकलायला सुरुवात केली.

आतून सासू ओरडली, "काय वाजतंय गं?"

"ओटा काढतेय."

"काढतेस? डोस्कं फिरलं का तुजं? तुज्या मामंजींनी बांदलाय त्यो!"

"म्हाईत हाय."

"ओटा ग्येला तर पाणी सगळ्याच्या आदी आपल्याच घरात शिरंल!"

"शिरू दे. घरातनं तुमास्नी भायेर न्ह्यायचंय मला. घर न्ह्यायचं न्हाई."

सासू बराच वेळ बडबडत राहिली. संध्याकाळी तिनं सुनेला जवळ बोलावलं आणि तिच्या सोललेल्या हातांना तेल लावलं.

सबंध वैशाख आणि निम्मा ज्येष्ठ कुंभारीण दगड ढकलत, लोळवत वळणावर नेत होती. दगड संपले तेव्हा घरातली मुरमाची भर उपसून तीही तिनं तिथं नेऊन ओतली आणि चोपली. तांबटाला राहवलं नाही, एक दिवस त्यानं दोन मोठ्या दगडांना हात लावला. बाकी कुणी आलं नाही. आळीत तिला लोक खुळी म्हणू लागले. ते तिच्या कानावर येत होतं आणि तिला ते लागतही होतं. पण सांगायचं कुणाला? तिचं घर आता आळीत सगळ्यात खाली होतं. वळण मात्र वाटेच्या बरोबरीला आलं होतं.

श्रावणात पाऊस धरला तो सोडेना. दवंडीवाला खाली येऊन ओरडून गेला, "पाणी वाढतंय, वर चला!" रिवाजाप्रमाणे कुणी हललं नाही. लोक आपापल्या ओट्यांवर उभे राहून पायऱ्या बघत होते.

कुंभारणीला बघायला पायरीच नव्हती. सकाळीच पाणी तिच्या उंबऱ्यावरून आत आलं. ती सासूपुढे पाठ करून बसली.

"चला आत्याबाई."

"मी न्हाई म्हनले हुते."

"खड्डा भरलाय. एकडाव बघा तरी. भ्या वाटलं तर माघारी आनते तुमास्नी, शप्पत."

म्हातारीनं तिच्या गळ्यात हात टाकले. आळीतून जाताना ओट्यांवरची माणसं वरून बघत होती. कोष्टी म्हणाला, "बगा, पयलं घर रिकामं झालं! वैनी, माज्या अजून चार पायऱ्या कोरड्या हायत!"

"पोरीस्नी घिऊन निगा तात्या," ती चालता चालता म्हणाली. त्याच्या दोन लहान मुली दारात उभ्या होत्या.

"निगतो की. शेवटची पायरी बुडू दे."

वळण आलं. सासूनं डोळे गच्च मिटले. कुंभारीण एकेक पाऊल जपून टाकत गेली. पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं, पुढे थोडं वर चढलं, आणि मग चढ सुरू झाला.

"आलं का गं वळन?" सासूनं डोळे न उघडताच विचारलं.

"ग्येलं बी, आत्याबाई."

म्हातारी तिच्या मानेवर डोकं टेकून रडायला लागली. कुंभारीणही रडली, पण तिला चढ चढायचा होता.

दुपारपर्यंत आळीतली बरीच माणसं वर आली. कुंभारणीचं घर रिकामं झालेलं बघून तांबट निघाला, त्याच्या मागून परीट निघाले. पोटरीएवढ्या पाण्यातून आले, काहीजण मांडीएवढ्या. कोष्टी आला नाही. धर्मशाळेच्या कठड्यावरून खाली पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. कुंभारीण तिथंच उभी होती. तिचा त्याच्यावर राग होता, आणि तरी ती त्याच्या मुलींची वाट बघत होती.

दिवस कलताना कोष्टी आला. एक मुलगी खांद्यावर, दुसरी डोक्यावर धरलेली, मागं त्याची बायको त्याच्या पटक्याचं टोक हातात घट्ट धरून. छातीपर्यंत भिजलेला होता तो. मुलींना खाली ठेवून तो भिंतीला टेकला.

मग तो कुंभारणीला म्हणाला, "वैनी, वळनावर छातीला पानी हुतं. मला वाटलं, आता पोरी ग्येल्या. म्या पाय टाकला..." त्यानं मुलींकडे बघितलं. "पाय टेकला गं. खाली दगड लागला."

आपल्या अंगावरचं कोरडं कांबळं काढून कुंभारणीनं मुलींवर टाकलं.

पाणी उतरलं तेव्हा कळलं, तिचं घर पडलं होतं. ओटा नव्हता, भर नव्हती, मातीच्या भिंती पाण्यात बसल्या. बाकीची घरं उभी होती. तिचं चाक गाळात रुतलेलं होतं, तेवढंच उरलं. कुंभारीण ढिगाऱ्याकडे बघत उभी राहिली. खरं सांगायचं तर तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आपण चांगलं केलं म्हणून घर गेल्याचं दुःख कमी होतं, असं काही नसतं.

दुसऱ्या दिवशी आळी सवयीनं कुदळी आणि घमेली घेऊन मुरूम आणायला वळणावर गेली. तिथं गाळातून काळे दगड दिसत होते. सगळे उभे राहिले. कुदळ कुणीच मारली नाही. एकमेकांकडे बघायचीही चोरी झाली होती.

कोष्टी माघारी वळला. आपल्या घरी जाऊन त्यानं ओट्याचा वरचा थर उकलला, घमेलं भरलं आणि कुंभारणीच्या ढिगाऱ्यापाशी येऊन उभा राहिला.

"कुटं टाकू, वैनी? आदी तुजं घर उबं करू."

मागून तांबट आला, परीट आले, सगळ्यांच्या डोक्यावर घमेली होती. कुंभारणीनं त्यांच्याकडे बघितलं. घर हवं होतं तिला. सासू धर्मशाळेत खोकत होती, पाऊस अजून संपला नव्हता.

"छातीला पानी हुतं म्हनालासा न्हवं?" ती म्हणाली. "मग आदी वळनावर टाका. घराचं मागनं बगू."

एवढं बोलून ती तिथंच दगडावर बसली. माणसं घमेली घेऊन वळणाकडे जात राहिली, आणि ती बसूनच राहिली. ती फार दमली होती, आणि आज तिच्यावाचून काम होत होतं.

आता तात्पर्य सांगायचं, तर ते एवढंच: ज्या वाटेनं सगळ्यांना जीव घेऊन निघायचं आहे, तिचीच माती उकरून कुणी आपलं घर उंच करू नये.