पाच चेक, एक गिरणी

दुर्पदाबाई कुणाच्या बापाला भ्यायची नाही. छाजेडशेठकडून तिनं पिठाची गिरणी हप्त्यानं घेतली, पण समोरचा रस्ता खणला, गिऱ्हाईक तुटलं आणि पाचही चेक न वटता परत गेले. पाच खटले झाले, प्रत्येकात सहा महिने कैद.

शेठचा वकील गरजला, "गुन्हे पाच! शिक्षाही एकामागून एक हवी!"

म्हणजे अडीच वर्षं गिरणीला कुलूप, आणि घरी दोन पोरी.

"बाई, काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"एवढंच साहेब, की दर तारखेला दुकान बंद ठेवावं लागतं म्हणून शेठनी अर्ज केला आणि पाचही खटल्यांची साक्ष एकाच दिवशी उरकली. त्यांचं दुकान एकदाच बंद राहिलं, मग माझीच गिरणी पाचदा का?"

वकिलानं शेठकडे पाहिलं, शेठनी पंख्याकडे.

न्यायाधीशांनी हसू दाबत लिहिलं, "सर्व शिक्षा एकाच वेळी भोगायच्या."