तीन भोपळ्यांचा तारपा

एकदा काय झालं, कार्तिक वद्य पंचमी होती. सकाळी धुकं, दुपारी कोरडं ऊन, वारा अजिबात नाही. डोंगरातल्या एका पाड्यावर नवं भात खळ्यात आलं होतं आणि राशीवर कणसरी येऊन बसली होती. कणसरी म्हणजे भाताची माय, बरं का. तीन दिवस तिच्यापुढे तारपा वाजवायचा. तिचा पाय थिरकला, की ती वर्षभर राहते. नाही थिरकला, तर टोपली उचलते नि चालू लागते. मग घरोघरी मडकी रिकामी.

तारपा वाजवायचा चैत्या. वाळलेल्या भोपळ्यात फुंकायचं, आणि पुढच्या ताडपानाच्या कर्ण्यातून सूर निघायचा. त्याच्या आज्याला चार चाली येत, बापालाही त्याच चार. चैत्याला नवे सूर हवे होते. मग त्यानं काय केलं? तीन भोपळे मेणानं जोडले. दोन माणसं लांब तारपा झाला! इतका जड, की जमिनीत रोवलेल्या दोन मेढींवर टेकवून एका जागी उभ्यानं वाजवायचा.

पहिल्या दिवशी वाजला. असा गोड, की झाडावरची पाखरं गप्प! पण नाचणारे बघतात वाजवणाऱ्याच्या पायांकडे. तो वळला की रांग वळते. इथे पाय हलेचनात. रांगेचा गुंता झाला, सगळे एकमेकांवर पडले.

"चैत्या, तारपा वाजवतोस का दुकान मांडलंस?" म्हातारी वनशी ओरडली.

कणसरीनं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी चैत्या मध्येच ओरडून सांगू लागला, "वळा! आता बसा!" पण ओरडायला तोंड काढलं, की सूर तुटे. कणसरीनं टोपली उचलली.

तिसऱ्या दिवशी ती राशीवरून उतरली आणि शिवेकडे निघाली. चैत्यानं फुंकणं थांबवलं.

"मथे, मोडतो हा. आज्याचाच आणतो," तो बायकोला म्हणाला.

"मोडतोस कशाला? गोड वाजतोय की! त्याला चालता येत नाही, एवढंच."

मग मथीनं मेढी उपटल्या. कर्ण्याकडचं टोक आपल्या खांद्यावर घेतलं.

"हं, चल आता. माझ्या टाचेवर पाय देऊ नकोस म्हणजे झालं."

मथी पुढे, चैत्या फुंकत मागे. ती वळली, तो वळला, रांग वळली. नव्या सुरावर पायांनी धूळ उडवली. शिवेवर कणसरी थांबली. मग परत आली, टोपली खाली ठेवली आणि रांगेतल्या शेवटच्या बाईच्या कमरेला हात घातला.

नाचायला सोळा जण उभे राहिले होते. वनशीनं मोजले, तर सतरा भरले.

त्या वर्षी कणसरी पाड्यावरच राहिली. एकाही घरातलं मडकं रिकामं झालं नाही. चैत्या-मथी आणि सगळा पाडा पोटभर जेवून झोपला. मिटा बरं आता तुम्हीही डोळे.