राजकन्या वाम झाली त्याची गोष्ट

एका राज्यात नदी राजवाड्याच्या पायऱ्या धुऊन पुढे जाई. पण राजा चंद्रकेतू त्या पायऱ्या कधी उतरत नसे. त्याचा पिता सर्पदंशाने गेला होता. तेव्हापासून हुकूम होता की, पाण्यातून जे सळसळत येईल ते शेपटीला धरून दगडावर आपटावे. कोळी वाम माशालाही तसेच आपटत. वाम दिसायला सापासारखी, पण मासाच तो. त्याला विष कुठले? राजाला हे सांगण्याची कुणाची छाती झाली नाही.

नदीच्या गाळात एक जादूगार राही. डोहात वाम उरेना, तेव्हा तो वर आला आणि म्हणाला, "राजा, ज्याला तू साप म्हणतोस, त्याचे रूप तुझ्या लेकीला मिळो." पायरीवर उभी असलेली राजकन्या मृणाल वाम झाली आणि पाण्यात उतरली.

राजा पायरीवर गुडघे टेकून रडला. काठावरचा खंड्या पक्षी बोलला, "महाराज, तीन गोष्टी करा. ओळखा, धरा, सोडा. सूर्य मावळण्याआधी साधले नाही, तर कन्या कायमची गेली."

पाण्यात तीन लांब जीव वळवळत होते. एकाची जीभ लवलवत होती, तो पाणसाप. दुसरा अहीर मासा, त्याची पाठ गुळगुळीत. तिसरीचे तोंड निमुळते, पुढे इवलीशी सोंड. तपकिरी अंगावर नागमोडी नक्षी. पोटाखाली पोहायचे पर नाहीत. पाठीचा पर शेपटीला मिळालेला आणि त्याच्या पुढे काट्यांची रांग.

"ही वाम. हीच माझी मृणाल," राजा म्हणाला. आणि जन्मभर जे फर्मावले तेच त्याने केले: शेपटी धरून ओढली. काटे ताठ उभे राहिले. तळहात फाटला, पाणी लाल झाले.

"ती भ्यायली आहे, महाराज," खंड्या म्हणाला. " मुखाकडून शेपटीकडे हात फिरवा."

राजाने रक्ताळला हात हळू फिरवला. काटे निजले. बुळबुळीत अंग त्याच्या हातांत शांत झाले.

"आता सोडा."

"सोडली आणि परत आली नाही तर?"

"तरीही सोडा."

सूर्य टेकला होता. राजाने हात उघडले. वाम गाळात शिरली, दिसेनाशी झाली. मग डोह ढवळला आणि केसांत गाळ घेऊन मृणाल पायऱ्या चढून आली.

"तात, हात फार दुखतो का?" तिने विचारले.

हुकूम त्याच सांजेला रद्द झाला. जादूगार पुन्हा गाळात निजला, डोहात वाम नांदू लागली, आणि राजा रोज पायऱ्या उतरू लागला. मृणालच्या पाठीवर मात्र बारीक खुणांची एक रांग राहिली. तिच्यावरून हात फिरवताना राजा मानेकडून खाली फिरवी, उलटा कधीही नाही.